स्टँडवरची हाताची भिंत

"हात लावा न, काही नाही होत," असं म्हणताना सर आधी स्वतःचा पंजा उघडून दाखवायचे, वाकड्या करंगळीसकट. चित्रकलेच्या तासाला जन्मभर पोरांना "ओल्या रंगाले हात लावू नको" म्हणत आलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर नेमकं उलटं सांगत जिल्हाभर फिरत होता.

यंत्रावर चालणारी नवी कला त्यांना लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर आणायची होती. पुण्या-मुंबईच्या कलावंतांना गाठायचं, इकडे चालेल ते निवडायचं, जागा मिळवायची, हा त्यांचा उद्योग. कळंबच्या बागेत त्यांनी बसलं की गाणारा बाक ठेवला. लोक बसायचे, दचकून उठायचे आणि मोबाईल कोणाचा वाजतोय ते शोधायचे. सर खूश होते. "लोक एकमेकाइले विचारून राह्यले न? मंग झालं."

राळेगावच्या एसटी स्टँडवर मी चौकशीच्या खिडकीत बसतो. माझ्या समोरच्या भिंतीवर त्यांनी मोठा काचेचा पडदा बसवला. त्यावर पंजा टेकवला की बोटांमधून कापसाची बोंडं फुटायची, आणि पंजाचा उजळ ठसा दुसऱ्या कोणी हात लावेपर्यंत तसाच राहायचा. वीज जाऊन आली तरी यंत्राला शेवटचा हात आठवायचा. आम्हाला गाड्यांच्या वेळाही तितक्या आठवत नाहीत.

घोटाळा उद्घाटनालाच झाला. नवीन यंत्र आलं की आम्ही जे करतो तेच केलं. हळद-कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. दुसऱ्या दिवसापासून लोक चपला काढून लांबूनच हात जोडू लागले. काचेला हात मात्र कोणी लावेना. दिवाळीपर्यंत असंच राहिलं तर भिंत बियाण्याच्या जाहिरातीला जाईल, असा वरून निरोप आला. सरांची झोप उडाली. पुण्याचा कलावंत फोनवर म्हणाला, नमस्कार केला तरी बोंडं फुटतील अशी सोय करून देतो. सर उखडले.

"देव हायेत न बाप्पा आमच्याकडे. मले हात पायजे."

कमलबाई कापूस वेचून रोज संध्याकाळच्या गाडीला यायच्या. सरांनी त्यांनाच गाठलं.

"काहून नाही लावत, बाई?"

"हात खराब हायेत न, मास्तर. काचेले डाग पडन."

सर फलाटाच्या कडेला उकिडवे बसले, दोन्ही हात मातीत घोळले आणि काचेवर थापले. "आता माह्याहून खराब हाय काय तुमचा?"

कमलबाई पदर तोंडाला लावून हसल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. पण मागे उभ्या असलेल्या कंडक्टरने हात लावला, मग शाळेतून घरी निघालेल्या पोरींनी लावला. दिवाळीपर्यंत काच मातकट झाली आणि भिंत वाचली. सर रोज पहाटे येऊन काच पुसायचे आणि पहिला पंजा स्वतः टेकवायचे. त्याला ते बोहनी म्हणायचे.

एका पहाटे बोहनी करून ते घरी गेले, आणि पहिली गाडी लागायच्या आत ते वारल्याची बातमी आली.

काचेवर त्यांचा पंजा होता, वाकड्या करंगळीसकट. तो पुसायला कोण हात लावणार? कोणीतरी हार घातला. चपला पुन्हा निघू लागल्या. मला तिकडे पाहून इतकं भरून यायचं की गाड्यांची घोषणा दुसऱ्याला करायला सांगावी लागायची. भिंत पुन्हा नुसती पाहण्यापुरती उरली, आणि वरून पुन्हा जाहिरातीची विचारणा झाली.

मग एका संध्याकाळी कमलबाई शेतातून आल्या. त्यांनी हार काढला आणि माझ्या खिडकीच्या खिळ्याला अडकवला.

"मास्तर तं लावा लावा म्हणत होते," त्या म्हणाल्या. "अन् तुमी सारे पूजा कायले करून राह्यले?"

बोंडांनी ओरबाडलेला हात त्यांनी न धुताच काचेवर टेकवला. वाकडी करंगळी विझली. बाईंच्या बोटांमधून कापूस फुटला. मग त्या डोळे पुसत गाडीकडे गेल्या.

त्यांच्यामागे रांग लागली. मी खिडकी बंद केली आणि रांगेत जाऊन उभा राहिलो.