राजाचे हातमोजे

काल टीव्हीवर तुमच्या तिकडच्या राजाचा सोहळा पाहिला. राजाच्या एक पाऊल मागे पिकल्या केसांचा नौदल अधिकारी उभा होता, हातात राजाचे हातमोजे. "आजी, आजोबाही असेच उभे राहायचे ना?" तुम्ही फोनवर कौतुकानं विचारलंत.

हो, राहायचे. युद्धनौकेचे कप्तान असलेले तुमचे आजोबा राष्ट्रपतींचे मानद एडीसी होते, म्हणजे समारंभात त्यांच्या दिमतीला उभे राहणारे अधिकारी. राष्ट्रपतींच्या एका मेजवानीच्या दिवशी आजोबांची आई अखेरच्या घटका मोजत होती. "ऐन वेळी रजा मागणं शोभत नाही," म्हणत ते गेले. सासूबाईंनी दोनदा विचारलं, "आला का गं?" ते परतले तेव्हा त्या गेल्या होत्या.

रजा मागितली असती तर लगेच मिळाली असती. पण शोभत नाही, हे तेव्हा मलाही पटलं होतं.