वरकसातलं बी

ललित मूळचा एडवणचा. घरची नारळाची वाडी आहे, पण त्याने मातीत हात घातल्याचं कुणी पाहिलेलं नाही. बोईसरला एका खतकंपनीच्या प्रयोगशाळेत तो साहेब आणि मी त्याची साहाय्यक, म्हणून हे सगळं मला जवळून पाहावं लागलं.

उपाशी झाड काय करतं, यावर त्याने डॉक्टरेट मिळवली. जमिनीत स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, कमी पडलं की रोप आपल्या जनुकांवर बारीक रासायनिक खुणा करतं. जनुकांमधला मजकूर तोच राहतो, पण काही जनुकं जागी होतात, काही गप्प बसतात आणि मुळं अन्न शोधत पसरतात. या खुणा पुढच्या पिढीत कितपत उतरतात यावर वाद आहे. तो मिटवून ललितला नाव कमवायचं होतं.

विक्रमगडकडच्या एका पाड्यावर नवसी राहते. तिच्या उतारावरच्या वरकस, म्हणजे हलक्या मुरमाड तुकड्यात कधी खत पडलं नाही, तरी भात येतं. बियाण्याच्या लोंब्या ती अगदी वरच्या, खडकाळ कडेच्याच खुडते. सासूही तसंच करायची. हे कळताच ललितच्या तोंडाला पाणी सुटलं. वर्षभरात दुप्पट करून देतो म्हणत त्याने तिचं सगळं बी उचललं आणि त्या एका पेरणीपुरतं कंपनीचं संकरित बी तिच्या पदरात टाकलं. बी मागायला आलेल्याला त्यांच्यात नाही म्हणत नाहीत. या माणसाने त्या रीतीचाही फायदा उठवला.

मग वरिष्ठ पाहायला येणार म्हणून या विद्वानाने ते सगळं बी मला वाफ्यात पेरायला लावलं आणि वर खताचा मारा केला. भुकेवर प्रबंध लिहिणाऱ्याने उपाशी बियालाच जेवू घातलं. फोटो मात्र छान आले.

पुढल्या वर्षी टपोरं बी परत गेलं. नवसीने एक दाणा दाताखाली फोडला आणि हे आपलं नाही म्हणाली. तपासणीत जनुकांचं अक्षर न् अक्षर जुळलंय, असं ललितने तिला सुनावलं. दुसरं बी नव्हतंच, म्हणून तिने तेच पेरलं. भाद्रपद आला तरी वरकसात रोपं पिवळी आणि खुरटलेली. तिचं वर्षाचं खाणं गेलं.

हा गडी खूश! निबंधाला पुरावा मिळाला: भुकेच्या खुणा बियात उतरतात आणि पोट भरलं की पुसल्या जातात. आता तुलनेसाठी फक्त खत न चाखलेलं जुनं बी हवं होतं. तिच्या घरात चिमूटभर मागे राहिलं असेल या हिशेबाने मला घेऊन तो पाड्यावर गेला आणि निर्लज्जपणे मूठभर बी मागितलं.

"मीच तुज्याकडं मागाया येनार होती," नवसी म्हणाली. "तू थोडा तरी ठेवला असशील ना?"

ललितने माझ्याकडे पाहिलं. थोडं बाजूला ठेव असं त्याने सांगितलं नव्हतं, आणि पेरताना मीही ठेवलं नव्हतं.