आखूड पट्ट्यांचा पिठ्ठू

माझ्या लग्नाच्या रुखवतात चिरोटे, शेवया, मण्यांची तोरणं आणि लोकरीची बदकं यांच्या शेजारी एक लष्करी पिठ्ठू मांडलेला होता. पाठीला बांधायची जाड हिरव्या कापडाची पिशवी, तिला फौजेत पिठ्ठू म्हणतात. सांगलीहून आलेल्या वऱ्हाडातल्या बायका त्याच्यापुढे येऊन थबकत होत्या. एकीने तर हळूच विचारलं, "हे दळणासाठी दिलंय का हो?" नवरदेव मात्र मुंडावळ्या बाजूला सारून त्या पिठ्ठूकडे टक लावून बघत होते. तसं त्यांनी माझ्याकडे अजून पाहिलेलं नव्हतं.

कारण आमच्या ह्यांना डोंगरांचं वेड. सांगलीच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे आणि जोडून सुट्टी आली की दोन मित्रांना घेऊन किल्ले चढायला निघायचे. तोवर सगळं सामान शबनम पिशवीत कोंबून नेत होते. सासऱ्यांनी जावयाची आवड ओळखली म्हणून हे गावभर सांगत सुटले. सासरे फौजेत, तेव्हा पिठ्ठू जावयाला, हे इतकं उघड होतं की कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

मला मात्र तो पिठ्ठू बघून रडू आलं. पोरगी माहेर सोडतेय म्हणून रडतेय, असं सगळ्यांना वाटलं. मी रागाने रडत होते.

आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं. माझे वडील, आबा, फौजेतून सुट्टीवर आले की मला घेऊन चंदन-वंदनचे जोडकिल्ले चढायचे. त्यांच्या पाठीवर हाच पिठ्ठू, माझ्या गळ्यात त्यांची पाण्याची बाटली. दर खेपेला मी म्हणायची, "आबा, पिठ्ठू मी घेते." आणि दर खेपेला ते म्हणायचे, "मोठी हो. मग तुजाच हाय." मी मोठी झाले, तर आबांनी तो धुऊन, डागडुजी करून रुखवतात ठेवला. लग्न आटोपताच ते पलटणीत परत गेले. बापाला जाब विचारायची आमच्या घरात रीत नव्हती, त्यामुळे तो राग मी आतल्या आत घेऊन सांगलीला नांदायला आले.

तिथे त्या पिठ्ठूचं कौतुक रोज डोळ्यांसमोर. पहिल्याच सहलीहून हे आले ते खांदे चोळत. "पट्टे फार आखूड आहेत गं. फौजेत माणसं एवढीशी असतात का?" मग मोच्याकडून पट्ट्यांना चामड्याचे तुकडे जोडून आणले. पुढच्या खेपेला ते काखेत रुतले, म्हणून आत मऊ फेल्टच्या पट्ट्या घातल्या. मग पिठ्ठू पाठीवर फार वर बसतो, अशी तक्रार सुरू झाली. तेव्हा कमरेला एक पट्टा वाढवला. तो पट्टा बसमध्ये शेजारच्या बाईच्या टोपलीत अडकला आणि कराडपर्यंत दोघं एकमेकांना बांधलेले गेले.

एकदा सुधारणेची चटक लागली की माणूस थांबत नाही. पुण्याच्या जुन्या बाजारातून हवा भरायची उशी आली. ती निजताना टम्म असायची आणि पहाटे पापडासारखी सपाट. मग ह्यांनी कुठल्याशा मासिकात झोपायच्या पिशवीचं चित्र पाहिलं आणि माझी चांगली गोधडी मला दुमडून शिवायला लावली. एका बाजूला लांब चेन. रात्री चेन अडकली आणि सकाळी दोन्ही मित्रांनी डोकं धरून ह्यांना बाहेर ओढलं. ही गोष्ट मला मित्रांकडून कळली. हे स्वतः फक्त एवढंच म्हणाले, "ऊब मात्र उत्तम होती."

प्रत्येक सहलीआधी सतरंजीवर सगळं मांडलं जायचं. विजेरी, मेणकापड, काडेपेटी ठेवलेली घट्ट झाकणाची डबी, वातीचा स्टोव्ह, सुतळीचा गुंडा. शेजारी बसून मी चिवडा भरून द्यायची. आणि दरवेळी विचारायची, "अहो, मी येऊ?"

उत्तर ठरलेलं. "अगं, माझी ना नाही. पण सामानाचं काय? बायकांच्या मापाचं काही मिळतच नाही. नुसत्या हौसेवर डोंगर चढता येत नाही."

डोंगर मला शिकवत होते! ज्या वयात हे सांगलीच्या विश्रामबागेत गोट्या खेळत होते, त्या वयात मी वंदनच्या माथ्यावर भाकरी खाल्ली होती. पण नव्या सुनेने किती बोलावं? मी चिवड्यात मिरच्या जरा जास्त घालायची, बस्स.

अशी दोन-अडीच वर्षं गेली. आबा पेन्शनीत निघाले आणि एका शनिवारी दुपारी भुईमुगाच्या शेंगांचं पोतं घेऊन आमच्याकडे आले. ह्यांची वासोट्याला जायची तयारी चाललेली. सासरे आयते सापडले म्हटल्यावर ह्यांनी पिठ्ठू पाठीवर चढवला आणि मास्तरकीच्या सुरात सगळ्या सुधारणा दाखवल्या. शेवटी धीर करून म्हणाले, "राग मानू नका, पण मूळचे पट्टे फारच आखूड होते."

आबा शेंगा फोडायचे थांबले. ह्यांच्याभोवती एक फेरी मारली, चामड्याचे तुकडे चाचपून बघितले. मग म्हणाले, "पट्टे बराबर हायेत, जावईबापू. खांदा चुकलाय."

"म्हणजे?"

"त्यो तिचा हाय." आबांनी माझ्याकडे बोट केलं. "तिच्या आईकडनं तिचं पोलकं मागून घेतलं, त्याच्या मापानं पट्टे कापून आणले कोरेगावच्या बाजारातनं. तिला लहानपणी सबूद दिलता."

माझ्या हातातला चिवड्याचा डबा तसाच राहिला. राग आला की माझी भाषा सरळ माहेरी जाते. "आवं आबा, मग रुखवतात कशाला मांडलासा? समद्यांना वाटलं ह्यांनाच दिलाय. मलाबी तेच वाटलं!"

आबा गोंधळले. त्यांना खरंच कळेना मी काय विचारतेय ते. "आता लेकीचं सामान रुखवतात न्हाई मांडायचं तर कुठं मांडायचं? घागर तुजी, परात तुजी, तसा पिठ्ठू तुजा. ह्यात सांगायचं काय हुतं?"

मी लहान पोरीसारखी रडले. एवढी वर्षं ज्याच्यावर रुसून बसले होते, त्याने शब्द मोडलाच नव्हता. लग्नाआधी ते पोलकं दिसेना, तेव्हा शिंप्याकडे दिलंय, असं आई मला म्हणाली होती आणि तिलाही तसंच वाटलं होतं.

आणि आमचे हे? पिठ्ठू पाठीवर, कमरेचा पट्टा आवळलेला, मधोमध उभे. बायकांच्या मापाचं सामान मिळत नाही म्हणून दोन-अडीच वर्षं सांगत होते, आणि अख्ख्या सांगलीत तसं जे एकमेव सामान होतं ते स्वतःच्याच खांद्यावर मिरवत होते. त्यांनी पट्टा सोडला. पिठ्ठू उतरवून माझ्यापुढे ठेवला. मग उशीर न करता ब्लेड शोधून आणलं आणि चामड्याच्या तुकड्यांची शिवण स्वतः उसवायला बसले. मास्तर असूनही चूक कळल्यावर वाद न घालणारा माणूस मला मिळाला, हे कबूल केलंच पाहिजे. वासोटा त्या खेपेला राहिला. मित्रांना काय सांगितलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं चंदन-वंदनला गेलो. मी साडी खोचून पायात कॅनव्हासचे बूट घातले होते. ह्यांच्या खांद्यावर पुन्हा तीच शबनम, शिवाय गोधडीची पिशवी बगलेत, कारण ती घरी ठेवायचं मन होत नव्हतं. पायथ्याशी मी पिठ्ठू चढवला. पट्टे खांद्यावर जिथे बसायला हवेत तिथे बसले. कुठे ओढायला लागलं नाही, सैल करावं लागलं नाही.

"मी पुढे चालते, आबा," मी म्हटलं.

आबांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, स्वतःच्या गळ्यात अडकवली आणि माझ्या मागून चढायला लागले.