सासूला पाठ

व्हर्नाला सगळं खाणगाव मावशी म्हणायचं. माय मरो, मावशी जगो, अशीच तिची ख्याती. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटाकाठच्या त्या गावात एकेकाळी दुकानांतले गार्ड आदिवासी माणसाच्या मागे मागे फिरायचे. पुढे पबच्या दारात दारुड्यांची भांडणं सोडवत त्यांच्यातलीच व्हर्ना स्वतः गार्ड झाली, मग तिनं आपली कंपनी काढली. आता दारात आपली पोरं उभी राहतील, आणि दारातच अडकून न पडता वर चढतील, हा तिचा हट्ट. पोरं चढलीही. तिचे कितीतरी गार्ड आज खाणीवर सुपरवायझर आहेत.

हॉस्पिटलचं कंत्राट मिळालं तेव्हा तिनं दारावर सेल्विनला ठेवलं. वाळवंटातल्या वस्तीवरचा हा तरुण गार्ड समोरच्याचा आवाज चढला की आपला खाली आणायचा. पुढची बढती त्याचीच, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

एका सकाळी हॉस्पिटलचा मॅनेजर कॉलिन याला काम दाखवायला ती घेऊन आली, आणि नेमका तेव्हाच सेल्विन जागचा हलला. मान खाली घालून, भिंतीकडे तोंड करून तो बाजूच्या दारानं निघून गेला. मुख्य दारातून एक म्हातारी काठी टेकत आत येत होती.

व्हर्नानं तिला ओळखलं. ती सेल्विनची सासू होती. जावयानं सासूकडे बघायचं नाही, एका छपराखाली थांबायचं नाही, हे त्यांच्यात शेंबडं पोरही जाणतं. व्हर्नाची आजी तर जावयाची चाहूल लागताच हातातला चहा टाकून उठायची.

"हे असंच चालतं का इथं?" कॉलिननं विचारलं.

दोन वाक्यांत सांगून झालं असतं. पण कोटवाल्या साहेबापुढे आपली रीत सांगायची तिला लाज वाटली. कंत्राट हातचं जाईल ही धास्तीही होतीच. ती तरातरा बाहेर गेली आणि बाकांवरच्या सगळ्या माणसांदेखत सेल्विनवर बरसली.

"दार सोडून पळायचा पगार देते का रे तुला? मान खाली घालायला लावलीस मला."

संध्याकाळी त्याचा युनिफॉर्मचा शर्ट घडी करून तिच्या ऑफिसच्या पायरीवर ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना त्याच्या वस्तीवर गेली. लेकीकडे आलेली म्हातारी अंगणात झाडाखाली बसली होती. सेल्विन अर्थातच घरामागे होता.

"तो दारातून का हलला, तुला ठाऊक होतं ना?" म्हातारीनं विचारलं.

"होतं."

"नसतं तर काही वाटलं नसतं गं."

एवढं बोलून म्हातारी उठली. जावयाला पुढं येता यावं म्हणून घोंगडी घेऊन रस्त्यापलीकडे, भर उन्हात, अंगणाकडे पाठ करून बसली. व्हर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सेल्विन आला. ती कसंबसं म्हणाली, "चुकलं माझं. परत ये कामावर."

आजवर तिला अगंतुगं करणारा, मावशी म्हणणारा तो पोरगा तिच्याकडे सरळ बघत म्हणाला, "मॅडम, साहेबांना सांगितलंत का, मी का गेलो ते?"

सासू तर केव्हाच रस्त्यापलीकडे गेली होती. तरी त्या अंगणात कुणाची तरी नजर खाली होती, आणि ती व्हर्नाची होती.