कुंडीतलं झोंबणारं पान

लेकीच्या बाळंतपणाला म्हणून हॉलंडात झूटरमेरला आले आणि करोनात तिथंच अडकले. जावई त्याची आई आजारी म्हणून पुण्याला गेला, तेवढ्यात विमानं बंद झाली. घरात आम्ही दोघी आणि बावीस दिवसांचं बाळ.

मग लेकीला ताप भरला, तोंडाची चवही गेली. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, मास्क लावून अंगावर पाजा. पण पोरगी घाबरली. तिनं आतून कडी लावली. "आई, त्याला काही झालं तर? तूच सांभाळ."

बाळ वरचं दूध घेईना. बाटली नको, बोंडलं नको. चमचाभर गेलं की ओकायचं. रडून रडून त्याचा आवाज बसला. दाराआड ही रडायची, दूध येऊन हिचा गाऊन भिजायचा. मधे मी.

बाल्कनीत शेजारच्या डच बाईनं दिलेली कुंडी होती. डोंगरातलं झाड, बर्फातही मरत नाही म्हणे. मोहरीच्या जातीचं. चार-चार पाकळ्यांची पांढरी फुलं. पान चावलं तर जरा झोंबायचं. मी रोज चहाच्या आधी एक पान चावायची. झोंबलं की म्हणायची, आज मी बरी आहे, बाळाला घ्यायला हरकत नाही. माझी शाळा दुसरीपर्यंत. मला तेवढीच तपासणी कळत होती.

चौथ्या दिवशी बाळाचा लंगोट सकाळपर्यंत कोरडाच राहिला. बाल्कनीत जाऊन पान चावलं. काहीच नाही. दुसरं तोडलं, तिसरं फुलासकट. कागद चावल्यासारखं. मी तिथंच खाली बसले. आता याला कोण घेणार? आतून त्याचं रडणंसुद्धा येत नव्हतं, नुसतं कुंईकुंई.

उठले. तोंडाला पदर बांधला, दार वाजवलं.

"काय गं आई?"

"माझीपण चव गेली."

आतून म्हणाली, "खरंच? का मी दार उघडावं म्हणून सांगतेस?"

"अगं, तीन पानं खाल्ली. शेळीगत."

ती हसली का रडली, कळलं नाही. "मग आता त्याला कुणापासून लांब ठेवायचं?"

"तेच म्हणते. मास्क लाव आणि उघड. आणि त्या डॉक्टरीणबाईंना फोन कर, लंगोट कोरडा आहे म्हणून सांग."

कडी निघाली. मी बाळ तिच्या मांडीवर दिलं. बाळाला पहिल्यांदा धरताच येईना, तोंड फिरवायचं. मग लागलं. घुटघुट आवाज आला.

मी उंबऱ्यातच बसले. अंग तापायला लागलं होतं. आवाज थांबला की डोळे उघडून बघायची, सुरू झाला की परत मिटायची.