लाल ठिपका आणि घाटातली बारी

आमच्या चाकणच्या कंपनीत यंत्रं लोखंड कापत नाहीत, पार्ट छापतात. धातूची पिठासारखी पावडर थरावर थर पसरायची, लेझरनं हवी तिथंच वितळवायची आणि शेवटी आत हात घालून पार्ट बाहेर काढायचा. पाहुण्यांना हे सांगितलं की ते म्हणतात, "मग एक बुलेट छापून दे की." अशांना मी रविराजकडं पाठवतो.

छापायच्या आधी डिझाइन तपासायचं काम रविराजचं. फाइल टाकली की सॉफ्टवेअर सगळा पार्ट आतूनबाहेरून चाचपतं आणि कुठं भिंत पातळ आहे, कुठं खालून आधार नाही, तिथं लाल ठिपका देतं. ठिपका देऊन ते मोकळं होतं. चालेल की नाही, हे रविराजनं ठरवायचं. मोठ्या ग्राहकांनी तपासणारा म्हणून त्याच्या एकट्याच्या नावाला मंजुरी दिलीय, आणि सॉफ्टवेअरचं लायसन्सही त्याच्याच कॉम्प्युटरला बांधलेलं. पावडर आत उडून येऊ नये म्हणून केबिनचं काचेचं दार कायम बंद. आत तो, आणि शेजारच्या टेबलावर कोटेशन बनवणारा मी.

मी करमाळ्याकडून पोटापाण्यासाठी आलेला. रविराज इथलाच, चाकणपलीकडच्या गावातला. गावाच्या निम्म्या रानात आता गोदामं उभी आहेत, उरलेल्यात त्याच्या वडिलांचे, रंगरावांचे, शर्यतीचे बैल.

आमचे मालक अजिंक्य सर येता-जाता त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "रविराज, तू आहेस म्हणून मला शांत झोप लागते." यावर रविराज मला हळूच म्हणाला होता, "ते झोपत्यात म्हणून मला जागं बसावं लागतंय, राव."

त्याची दुसरी नोकरी घरी. तेज्या नावाचा बैल त्यानं वासरू असल्यापासून सांभाळलेला. मारका नाही, पण मानी. गाड्याला जुंपताना रविराज तोंडाशी उभा राहून बोलत राहिला तरच जुवाखाली मान घालणार. बाकी कुणी धरलं की खांबासारखा उभा. गावच्या मागच्या दोन यात्रांना रविराज केबिनमध्ये अडकला आणि घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, त्यांच्या गाड्याची बारी, पळायची पाळी, न पळताच गेली. सगळ्या गावासमोर. म्हणून यंदा रंगरावांनी बजावलं होतं, "ह्या खेपंला बारी हुकली, तर तेज्या इकला म्हणून समज." रंगराव बोलले की करतात.

यंदा रजा मंजूर झाली. यात्रेच्या सकाळी फोनही आला. ब्रेकचं तेल ज्यातून फिरतं तो ठोकळा, नव्या गाडीच्या चाचणीसाठी, आजच मशीनवर चढायला हवा. "फक्त अर्धा तास," सर म्हणाले. रविराज पांढरे कपडे आणि गुलाबी फेटा अशा थाटात थेट कॉम्प्युटरसमोर येऊन बसला. गेटवरच्या वॉचमननं विचारलं म्हणे, वरात कुठाय?

फाइल उघडली. पार्टच्या पोटात भलामोठा लाल ठिपका. आत एक पोकळी होती आणि तिला बाहेर यायला वाटच नव्हती. छापल्यावर सुटी पावडर तिथंच कोंडून राहणार.

ग्राहकाकडच्या डिझायनर उत्कर्षा मॅडमना मी फोन लावून दिला.

"दादा, एक भोक ठेवायला माझी ना नाहीये," त्या म्हणाल्या, "पण डिझाइन फ्रीझ झालंय, आता बदलायचं तर आमच्या साहेबांची मंजुरी लागेल, आणि ते मीटिंगमध्ये आहेत."

"कधी सुटतील?"

"आत्ताच बसलेत."

सर आत आले. "अरे, पोकळीच्या तपासणीची टिक काढून टाक ना. हिरवं होतंय."

"होतंय, सर. पावडर आतच राहती."

"थोडीशीच."

"ब्रेकच्या तेलात उतरणार हाय ती. गाडीत बसणारा माझा पाहुणा नसंल, पण कुणीतरी बसणार तर हाय."

सरांनी वाकून ठिपका पाहिला. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं. मग मंजुरी येईपर्यंत थांब."

बरोबर असल्याचं बक्षीस ते असं. खोटं हिरवं केलं असतं तर गडी केव्हाच घाटात असता.

तेवढ्यात रंगरावांचा व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर धूळ, गुलाल आणि मधूनच एक शिंग.

"कुठं मेलास? नाव पुकारलं आपलं! ह्यो मान घालंना!"

"आबा, मला निघता येत नाय."

"दोन गाडं सोडून आपली बारी हाय. बैलाला काय सांगू, सायबाची मीटिंग हाय म्हणून?"

रविराजनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा ठिपक्याकडं. "आबा, फोन त्याच्या कानाला लावा."

"काय लावू?"

"फोन वो! स्पीकरवर."

आणि फेटा घातलेला हा माणूस केबिनमध्ये बैलाशी बोलू लागला. "ए राजा... तेज्या... मान घाल बघू. शाना माझा. हाय, मी हितंच हाय." काचेपलीकडून मशीनवाल्यानं मला खुणेनं विचारलं, सॉफ्टवेअर बिघडलंय का?

फोनमधून घुंगरं वाजली. कुणीतरी ओरडलं, "घातली! घातली मान!" मग फोन कुणाच्या तरी खिशात गेला असावा, कारण पडदा काळा झाला. नुसता आवाज. भोंग्यावर समालोचकाचा "झाली, झाली" असा पुकारा, लांबलचक "भिर्रर्र", जमीन हादरवत गेलेल्या टापा. रविराज त्या काळ्या पडद्याकडं मान पुढं काढून बघत होता.

"दुसऱ्या नंबरात बसला गाडा!" रंगराव ओरडले.

"मग तेज्या ठेवायचा ना, आबा?"

"ठिवायचा म्हंजी! आन् तुलाबी आता यायचं काम न्हाई. फोन हाय की. फुडल्या सालापास्नं रजेची कटकट नगं."

सर दारात उभे राहून ऐकत होते. खूश झाले. "मग उलटंही जमेल की रे! लायसन्स लॅपटॉपवर घेऊ. पुढच्या वर्षी तू बिनधास्त घाटात बस, फाइल तिथून बघ."

रविराज "हो सर" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

मंजुरी दुपार कलल्यावर आली. भोकासकट नवी फाइल आली, ठिपका गेला, पार्ट मशीनवर चढला. मी म्हटलं, "ऊठ भावा, जेवणाची पंगत तरी गाठशील. तेज्याला भेट."

तो खुर्चीतून हलला नाही.

"भेटून काय सांगू त्याला? त्याला आता वाटत असंल, मी त्या फोनातच ऱ्हातो."