फोडणीआत्या

फोडणीआत्यांना वास चुकत नसे. देहूरोडच्या आमच्या चाळीत कुणाच्या चुलीवर काय तडतडलं, यावरून त्या घराचं कसं चाललंय ते त्या अचूक ओळखत. "घर आदी तेलात वाळतंय, मग माणसांत," असं त्यांचं म्हणणं. त्या मूळच्या मावळातल्या. नवरा गेल्यापासून शेजारच्या खोलीत एकट्या राहत. मला त्यांची धास्तीच वाटे.

पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता, त्या दिवसांतली गोष्ट. ह्यांचं ठेकेदाराकडचं कारकुनीचं काम सुटलं. कुणाला कळू नये म्हणून आल्यागेल्याला चहा तसाच चालू ठेवला. ह्यांनाही चणचण जाणवू नये म्हणून ताटात तूप वाढत राहिले. रतिबाचं दूध मात्र गुपचूप बंद केलं. शकू आमची दीड वर्षाची. पेज पिऊन ती निपचित पडून राही. रडणं तिनं सोडूनच दिलं होतं.

एका दुपारी मी मुद्दाम दार उघडं टाकून भजी तळायला घेतली. आत्या आल्या. भज्यांकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ शकूचा दंड चिमटीत धरला.

"दूध कवा तोडलंस?"

"नाही हो आत्या, ती जरा..."

"खोटं बोलू नगं पोरी. मी बी हेच केलं. मालकांचं काम गेलं, तरी पाव्हण्यांस्नी गोडधोड घालीत ऱ्हायले. माझा धोंडू तापात टिकला न्हाई. अंगात कायच नव्हतं त्याच्या. आन लोक म्हणत हुते, हिच्या घरी काय कमी हाय!"

मी कढई खाली उतरवली.

"नवऱ्याला सांग. आजच."

संध्याकाळी ह्यांना दूध बंद केल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी हे कारकुनीचा नाद सोडून पिंपरीच्या बांधकामावर विटा वाहायला गेले. तूप गेलं, चहा गेला, दूध परत आलं. आत्या रोज येऊन शकूचा दंड चाचपत आणि न बोलता निघून जात. कितीतरी दिवसांनी एकदाच म्हणाल्या, "अंग धरतंय लेकरू."

पुढच्या उन्हाळ्यात त्यांचा भाऊ त्यांना गावी न्यायला आला. त्या गाडीत बसत असताना मी म्हटलं, "आत्या, मला अजून भीती वाटते हो."

"वाटंल की. मला बी वाटती. पर एकटीनं भिऊ नगंस."

पुन्हा त्या भेटल्या नाहीत. ह्यांचं काम पुढे आणखी दोनदा सुटलं. दोन्ही वेळा आम्ही शेजारी शेजारी बसून भ्यालो.